विश्लेषण : दीडशे वर्षांपूर्वीची एक संख्या आणि आजच्या डिजिटल कुलपांचा संबंध काय?

८,६१,६४,६०,७९९. आठ अब्ज एकसष्ट कोटी चौसष्ट लाख साठ हजार सातशे नव्व्याण्णव. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ व तर्कशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७४ मध्ये ही संख्या आपल्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायन्स’ या ग्रंथात छापली आणि वाचकांना एक साधा प्रश्न विचारला. ही संख्या कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आली? आपल्याशिवाय हे उत्तर कधी कुणाला कळेल असे वाटत नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले. त्यांचा हा अंदाज चुकला. मात्र ज्या अडचणीवर त्यांनी बोट ठेवले होते, तीच अडचण पुढे शंभर वर्षांनी बँकांच्या संकेतस्थळांचे, ई-मेलचे आणि डिजिटल स्वाक्षऱ्यांचे कुलूप बनली. ते कुलूप आता बदलण्याची वेळ आली आहे. त्यामुळे जेव्हन्स कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

जेव्हन्स यांना काय सांगायचे होते?

कोळसा वापरणारी यंत्रे अधिक कार्यक्षम झाली की कोळशाचा वापर घटत नाही, उलट वाढतो, हा त्यांचा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. पण १८७४ च्या ग्रंथात त्यांचा विषय वेगळा होता. काही क्रिया एका दिशेने सोप्या आणि उलट दिशेने अतिशय कष्टाच्या असतात, हे त्यांना दाखवायचे होते. दोन पाच अंकी संख्यांचा गुणाकार शाळेतला मुलगाही पाच मिनिटांत करेल. पण फक्त गुणाकार हाती देऊन मूळच्या दोन संख्या विचारल्या, तर?

सरधोपट मार्ग म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्यांनी ओळीने भागत जाणे. मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी. जेव्हन्स यांच्या संख्येला या मार्गाने पहिला भाग जातो तो ८९,६८१ ने. तिथवर पोहोचायला साडेआठ हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. एका भागाकाराला पाच मिनिटे धरली आणि रोज सहा तास बसले, तर सुमारे चार महिने. तेही एकही भागाकार चुकला नाही तर, आणि मूळ संख्यांची तयार यादी हाताशी असेल तर. जेव्हन्स यांचा आत्मविश्वास यातून आला होता. ८९,६८१ गुणिले ९६,०७९ हे उत्तर मात्र त्यांच्या मृत्यूनंतर फार काळ गुपित राहिले नाही. अमेरिकी गणिती डेरिक नॉर्मन लेमर यांनी १९०३ मध्ये या संख्येचे अवयव पाडून दाखवले.

कागद-पेन्सिलीने हे उत्तर तीन प्रयत्नांत कसे निघते?

अमेरिकी गणिती सॉलोमन गोलोम्ब यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की जेव्हन्स यांच्या काळातल्या माणसालाही संगणकाविना ही संख्या फोडता आली असती. त्यासाठी लागणारी युक्ती सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा यांची. आणि तिचा पाया म्हणजे शाळेत घोकलेले सूत्र : (अ + ब) गुणिले (अ − ब) बरोबर अ चा वर्ग वजा ब चा वर्ग.

दोन विषम संख्यांची सरासरी अ मानली आणि त्यांच्या फरकाचा निम्मा भाग ब मानला, तर मोठी संख्या अ + ब आणि लहान संख्या अ − ब होते. म्हणजे त्यांचा गुणाकार हा दोन वर्गांमधला फरक असतो. मग भागाकार कशाला करायचे? असा अ शोधायचा की त्याच्या वर्गातून दिलेली संख्या वजा केली की पूर्ण वर्ग उरेल. जेव्हन्स यांच्या संख्येचे वर्गमूळ ९२,८२४ आणि ९२,८२५ यांच्या दरम्यान आहे. म्हणून ९२,८२५ पासून एकेक पुढे जायचे. अशा ५६ व्या पायरीवर उत्तर मिळते.

५६ वर्ग काढण्याचेही कष्ट वाचतात. कोणत्याही पूर्ण वर्गाला ३ ने भागले तर बाकी ० किंवा १ उरते, २ कधीच नाही. जेव्हन्स यांच्या संख्येतील अंकांची बेरीज ५६, म्हणजे ३ ने भागल्यावर बाकी २. दोन वर्गांच्या फरकातून २ उरायचे असतील, तर अ ला ३ ने नि:शेष भाग जायलाच हवा. आता ८ घ्या. वर्गाला ८ ने भागल्यावर ०, १ किंवा ४ उरतात; आपल्या संख्येतून उरतात ७. हे जमायचे तर अ ला ४ ने भाग जावा लागतो. दोन्ही मिळून अ हा १२ च्या पटीत असणार. उरले पाच उमेदवार : ९२,८३२, ९२,८४४, ९२,८५६, ९२,८६८ आणि ९२,८८०. हाच विचार ५ ने भागून केला की दुसरा आणि तिसरा गळतो.

उरलेल्या तिघांचे वर्ग काढून त्यांतून मूळ संख्या वजा केली, तर ९२,८३२ साठी १३,१९,४२५ उरतात. हा पूर्ण वर्ग नाही. ९२,८६८ साठी ८०,०४,६२५, हाही नाही. ९२,८८० साठी १,०२,३३,६०१, आणि हा ३,१९९ चा नेमका वर्ग आहे. म्हणून एक अवयव ९२,८८० अधिक ३,१९९, म्हणजे ९६,०७९. दुसरा ९२,८८० वजा ३,१९९, म्हणजे ८९,६८१. चार महिन्यांचे काम एका दुपारी संपले.

जेव्हन्स यांची चूक संख्या लहान घेण्याची नव्हती. त्यांच्या काळाच्या मानाने ती पुरेशी मोठी होती. चूक ही की त्यांनी निवडलेल्या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळ होत्या. त्यामुळे त्यांची सरासरी वर्गमूळाला जवळजवळ चिकटून राहिली आणि शोध लगेच संपला.

या अडचणीचे कुलूप कसे झाले?

१९७७ मध्ये अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड ॲडलमन यांनी या एकदिशा सोपेपणावर आधारित कुलूप तयार केले. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ते ‘आरएसए’ म्हणून ओळखले जाते. ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणेतील क्लिफर्ड कॉक्स यांनी हीच कल्पना १९७३ मध्ये मांडली होती, पण ती १९९७ पर्यंत गोपनीय राहिली.

हे कुलूप लहान आकड्यांवर सहज समजते. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३ जगजाहीर करा आणि सोबत ३ हा घातांकही. आता कुणाला ४ हा आकडा गुपचूप पाठवायचा आहे. त्याने ४ चा घन, म्हणजे ६४ काढायचा, ३३ ने भागायचे आणि बाकी ३१ पाठवून द्यायची. वाटेत कुणी ३१ वाचला तरी बिघडत नाही. उलगडण्यासाठी लागतो दुसरा घातांक, ७. तो कसा मिळाला? दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा करून गुणायचे : २ गुणिले १० म्हणजे २०. ३ ला ज्या संख्येने गुणून २० ने भागले असता बाकी १ उरते, ती संख्या ७. आता ३१ चा सातवा घात ३३ ने भागा. बाकी उरते ४. निरोप पोहोचला.

३३ माहीत असूनही त्याचे ३ आणि ११ असे तुकडे करता आले नाहीत, तर २० कळत नाही आणि २० कळल्याशिवाय ७ मिळत नाही. ३३ चे तुकडे कुणीही पाडेल. म्हणून प्रत्यक्षात तिथे ६१७ अंकी संख्या वापरली जाते, प्रत्येकी ३०९ अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार. संगणकाच्या भाषेत तिला २०४८ बिटांची चावी म्हणतात.

हीच यंत्रणा उलट चालवली की डिजिटल स्वाक्षरी होते : सही खासगी घातांकाने करायची आणि ती खरी आहे का, हे जाहीर घातांकाने कुणीही तपासायचे. भारतात डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रांसाठी मान्य पद्धतींमध्ये २०४८ बिटांच्या आरएसए चावीचा समावेश आहे. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज उरत नाही, यामागे याच जातीचे गणित आहे. अशा चावीतल्या जाहीर संख्येचे अवयव ज्याला सापडतील, त्याला ती सहीही हुबेहूब करता येईल.

एवढ्या मोठ्या मूळ संख्या सापडतात कशा?

इथे एक कोडे आहे. ६१७ अंकी संख्येचे अवयव पाडता येत नाहीत, पण ३०९ अंकी संख्या मूळ आहे की नाही, हे मात्र संगणक क्षणार्धात सांगतो. अवयव न शोधता हे कसे कळते? मूळ संख्यांना काही ठरावीक नियम पाळावेच लागतात. एखाद्या संख्येने तो नियम मोडला की ती संयुक्त आहे हे सिद्ध होते. अवयवांचा मात्र थांगपत्ता लागत नाही.

याचे जुने उदाहरण म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १, ही २१ अंकी संख्या. ती मूळ आहे, असे फ्रेंच धर्मगुरू व गणिती मारां मर्सेन यांनी १६४४ मध्ये म्हटले होते. एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण एकही अवयव न सांगता. ते मिळायला आणखी २७ वर्षे गेली. १९०३ मध्ये न्यूयॉर्कमधील अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते जाहीर केले : १९,३७,०७,७२१ आणि ७६१८३८२५७२८७. एक शब्द न बोलता त्यांनी फळ्यावर एका बाजूला ती संख्या आणि दुसऱ्या बाजूला हा गुणाकार करून दाखवला आणि ते जागेवर जाऊन बसले, अशी आख्यायिका सांगितली जाते. शोधायला त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले, हाही त्या आख्यायिकेचाच भाग. उत्तर शोधण्यात वर्षे आणि पडताळण्यात मिनिटे, हे मात्र आख्यायिका नव्हे.

संख्या मूळ आहे की नाही, हे प्रत्येक वेळी खात्रीने आणि वेगाने ठरवणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधील मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. जगभर तिचे कौतुक झाले. अवयव पाडण्याची अशी वेगवान पद्धत साध्या संगणकांसाठी आजवर कुणाला सापडलेली नाही. पण ती असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेले नाही. म्हणजे आरएसए कुलपाची सुरक्षितता हे प्रमेय नाही. इतक्या हुशार माणसांनी इतकी वर्षे प्रयत्न करूनही जमले नाही, एवढाच तिचा आधार आहे. सामान्य ग्राहकाला ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

हा आधार किती पक्का आहे?

१९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी आरएसएची ओळख करून दिली. सोबत १२९ अंकी संख्या आणि तिच्या साह्याने कुलूपबंद केलेला निरोप छापला. तो उलगडणाऱ्याला १०० डॉलरचे बक्षीस होते. तेव्हाच्या अंदाजानुसार या संख्येचे अवयव पाडायला ४ वर १६ शून्ये इतकी वर्षे लागणार होती. लागली १७. एप्रिल १९९४ मध्ये इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी सुमारे १६०० संगणकांवर काम वाटून घेऊन ती फोडली. निरोप निघाला तो असा : जादूचे शब्द आहेत ‘स्क्वीमिश ऑसिफ्रेज’. ऑसिफ्रेज म्हणजे हाडे फोडून खाणारे गिधाड. निरोपाला काहीही अर्थ नव्हता. कुणी तो वाचेल, असे मुळात वाटलेच नव्हते.

संगणक वेगवान झाले, हे या यशाचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे श्रेय कार्ल पोमरन्स यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ‘वर्ग चाळणी’ पद्धतीचे. तिच्या मुळाशी पुन्हा फर्मा यांचेच सूत्र आहे. फरक एवढाच की वजाबाकी एका फटक्यात पूर्ण वर्ग होण्याची वाट पाहायची नाही. लहान मूळ संख्यांमध्ये पूर्ण फुटणाऱ्या लाखो वजाबाक्या जमवायच्या आणि त्यांतल्या काही निवडून अशा गुणायच्या की गुणाकार पूर्ण वर्ग होईल. जमवाजमव अनेकांना वाटून देता येते, म्हणून ६०० माणसांचा उपयोग झाला. त्यानंतर आलेल्या आणखी प्रगत पद्धतीने फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडली गेली. एका प्रोसेसर गाभ्यावर काम केले असते, तर त्याला सुमारे २७०० वर्षे लागली असती. ६१७ अंक अजून बरेच दूर आहेत.

प्रत्यक्षात कुलपे फुटतात ती बहुधा हलगर्जीपणामुळे. २०१२ मध्ये आर्येन लेन्स्ट्रा (१९९४ च्या मोहिमेतलेही एक म्होरके) आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवर जाहीर असलेल्या लक्षावधी चाव्या गोळा करून तपासल्या. हजारात सुमारे दोन चाव्या कुचकामी निघाल्या. कारण वेगवेगळ्या चाव्यांमध्ये एक मूळ संख्या सामाईक होती. अशा दोन संख्यांचा मसावि काढला, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, की ती मूळ संख्या आपोआप हाती येते. ही रीत युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे आणि शंभर अंकी संख्यांनाही संगणकावर क्षणभरच लागतो. आणि २०२२ मध्ये काही प्रिंटरमधल्या चाव्यांत दोन मूळ संख्या इतक्या जवळच्या निघाल्या की फर्मा यांच्या युक्तीने त्या लगेच फुटल्या. जेव्हन्स यांची चूक, जशीच्या तशी. दोन मूळ संख्यांमध्ये पुरेसे अंतर असावे, ही अट मानकांमध्ये आधीपासून लिहिलेली होती.

क्वांटम संगणक आल्यावर काय होणार?

१२९ अंकी संख्या फुटली त्याच वर्षी, १९९४ मध्ये, बेल लॅब्जमधील पीटर शोर यांनी क्वांटम संगणकासाठी अवयव पाडण्याची वेगवान पद्धत मांडली. तिचे मर्म १५ या संख्येवर दिसते. २ चे घात घेऊन १५ ने भागत गेले, तर बाकी २, ४, ८, १ आणि पुन्हा २, ४, ८, १ अशी येते. म्हणजे चक्र ४ चे आणि २ चा चौथा घात वजा १ ला १५ ने भाग जातो. आता चौथा घात हा वर्गाचाच वर्ग. त्यामुळे पुन्हा तेच सूत्र लागते : (४ − १) गुणिले (४ + १), म्हणजे ३ आणि ५. मोठ्या संख्येत हे चक्र इतके लांब असते की साध्या संगणकाला ते सापडत नाही. क्वांटम संगणक नेमके हे चक्रच पटकन शोधतो. २००१ मध्ये सात क्युबिटच्या यंत्रावर १५ चे अवयव पाडूनही झाले.

१५ पासून ६१७ अंकांपर्यंतचा पल्ला मोठा आहे आणि दर महिन्याला येणाऱ्या ‘एन्क्रिप्शन संपले’ छापाच्या बातम्या फारशा मनावर घेण्याजोग्या नसतात. पण अंदाज खाली येत आहेत, हे खरे. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांच्या हिशेबानुसार २०४८ बिटांची संख्या फोडायला २ कोटी क्युबिट आणि आठ तास लागणार होते. मे २०२५ मध्ये गिडनी यांनी सुधारून मांडलेला आकडा दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ असा आहे. एवढे मोठे यंत्र आज कुणाकडेही नाही. तरीही धोका आजचाच आहे. कुलूपबंद माहिती आत्ता साठवून ठेवायची आणि यंत्र आले की उघडायची, हे कुणालाही शक्य आहे. दहा-वीस वर्षे गुप्त राहायला हवेत अशा वैद्यकीय नोंदी, संरक्षणविषयक पत्रव्यवहार यांसाठी उशीर परवडणारा नाही.

म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेल्या तीन नव्या पद्धतींची मानके जाहीर केली. २०३५ नंतर आरएसएसारख्या पद्धती वापरू नयेत, असे तिच्या नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात म्हटले आहे. नव्या पद्धतींची अवघडताही प्रमेयाने सिद्ध झालेली नाही. तिथेही भरवसा अनुभवाचाच.

दरम्यान, आरएसए कंपनीने आव्हान म्हणून जाहीर केलेल्या संख्यांपैकी सर्वांत मोठी, ६१७ अंकी संख्या अजून तशीच आहे. तिच्यावर दोन लाख डॉलरचे बक्षीस होते. ती स्पर्धा २००७ मध्ये बंद झाली. बक्षीस उरले नाही, तरी तिचे दोन अवयव आजवर कुणी दाखवलेले नाहीत.